ताबा कागदावर, लेकरू परराज्यात

मैत्रिणींनो, ‘मुलाचा ताबा आईकडे’ असा हुकूम मिळाला की वाटतं, सुटलो बाई! पण सुट्टीत बापाबरोबर परराज्यात गेलेलं मूल परत आलंच नाही तर? आमच्या पनवेलला पोटापाण्यासाठी देशभरातून आलेले संसार आहेत. संसार मोडला की एकजण गावाची गाडी पकडतो, सोबत मूलही जातं. आई कागद घेऊन पोलिसांकडे धावते. ‘हे कोर्टाचं काम, आमचं नाही,’ असं ऐकून परत येते.

खरं तर हुकूम राज्याच्या वेशीवर संपत नाही. कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १८ प्रमाणे तो दुसऱ्या ठिकाणच्या कुटुंब किंवा दिवाणी न्यायालयाकडे अंमलबजावणीसाठी पाठवता येतो. मूल ताब्यात घेऊन हक्काच्या पालकाकडे सोपवण्याचा अधिकार १८९० च्या पालक व पाल्य कायद्याने न्यायालयाला दिलाय. मूल बेकायदा अडकवून ठेवलं असेल तर उच्च न्यायालयात ‘हेबिअस कॉर्पस’चा अर्ज करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात मान्य केलं.

मग अडतं कुठे? अर्ज, नोटीस, बदललेला पत्ता, पुढची तारीख! त्याच १८९० च्या कायद्यातलं कलम ४५ बघा. हुकूम न पाळणाऱ्याला दंड शंभर रुपये, पुढे रोजचे दहा, सगळे मिळून जास्तीत जास्त पाचशे! दिवाणी तुरुंगाची तरतूद आहे, पण तिथवर पोचायला किती खेटे घालायचे? तोवर मूल नव्या शाळेत, नव्या भाषेत रुळतं. मग मुलाच्या हितासाठी त्याला आता हलवू नका, असा युक्तिवाद होतो. म्हणजे उशीर केला त्याचाच फायदा!

कुणी म्हणेल, मूल म्हणजे काय सामान आहे, पोलिसांनी उचलून आणायला? अगदी बरोबर. म्हणूनच ते रुळण्याआधी, समुपदेशकाच्या मदतीने, ठरावीक मुदतीत परत यायला हवं. आणि हा नियम दोघांनाही हवा. हुकूम मोडून मूल माहेरी लपवणारी आईसुद्धा चूकच. दंडाची रक्कम वाढवा, आणि दुसऱ्या राज्यातल्या न्यायालयाला निर्णयाची मुदत घाला, ही मागणी आपण बायकांनीच लावून धरायला हवी.

तोपर्यंत आपण सावध राहू या. भेटीचे दिवस, मूल परत आणायची तारीख, दोन्हीकडचे पत्ते आणि ‘परवानगीशिवाय राज्याबाहेर नेऊ नये’ ही अट हुकुमातच घालून मागा. त्याची प्रमाणित प्रत जपून ठेवा. मूल आलं नाही तर वाट बघत बसू नका. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० ला फोन करा.

लेकराचं बालपण काही पुढच्या तारखेपर्यंत थांबत नाही!