रेडरची कट्यार आणि मरीनचा चाकू

१९४२ साली अमेरिकेच्या मरीन कोअरने आपल्या नव्या रेडर बटालियनांसाठी खास कट्यार करवून घेतली. नमुना ब्रिटिश कमांडोंच्या फेअरबेर्न-साइक्स कट्यारीचा होता. शांघायच्या पोलीस दलात नोकरी केलेल्या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी ती आखली आणि विल्किन्सन स्वोर्ड कंपनीने १९४१ च्या जानेवारीपासून ती पुरवायला सुरुवात केली. अमेरिकी आवृत्तीचे पातेही तसेच अरुंद, दोन्ही अंगांनी धारेचे, टोकाला सुईसारखे निमुळते. मूठ मात्र जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव. पॅसिफिकमधल्या बेटांवर या कट्यारीपुढे जे काम आले ते वेगळेच होते. डबे उघडायचे, दारूगोळ्याच्या खोक्यांच्या फळ्या उचकटायच्या, वेली तोडायच्या, खड्डा उकरायचा, दोर कापायचे. अरुंद पात्याला यातले धड काहीच जमेना, आणि जस्ताची मूठ कालांतराने ठिसूळ होऊन तडकू लागली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मरीन कोअरने दुसरा चाकू मंजूर केला: सात इंची पाते, एकाच बाजूला धार, पाठ जाड, चामड्याच्या चकत्या एकावर एक दाबून केलेली मूठ आणि तिच्या बुडाला सपाट पोलादी टोपी, जिने खुंटीही ठोकता येई. न्यूयॉर्क राज्यातल्या ओलीन गावच्या युनियन कटलरी कंपनीच्या छापामुळे जग त्याला के-बार म्हणते. तो आजही बनतो आणि खपतो. रेडरची कट्यार संग्राहकांच्या कपाटात गेली.

‘टॅक्टिकल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, घडी न होणाऱ्या चाकूची पारख या घटनेपासून सुरू करावी असे मला वाटते. लढाईतल्या चाकूचे आयुष्य बहुतांशी बिनलढाईचे असते. त्यामुळे तो आधी अवजार म्हणून उभा राहिला पाहिजे. हत्यार म्हणून त्याची योग्यता त्याच्या मागोमाग येते. आज ऑनलाइन दुकानांत जे काळे, दातेरी, भाल्यासारख्या टोकाचे चाकू दिसतात, ते बहुतेक याच्या उलट क्रमाने घडवलेले असतात. म्हणजे १९४२ मध्ये वर्षभराच्या आत टाकून दिलेली कल्पना आपल्याला नव्याने, सवलतीच्या दरात विकली जाते आहे.

चाकू हातात आला की सगळे आधी पाते बघतात. मी म्यान आधी बघा म्हणेन, कारण शंभरापैकी नव्व्याण्णव वेळा चाकू तिथेच असतो. अमेरिकी सैन्याने १९४३ मध्ये एम-३ हा चाकू काढला तेव्हा त्याला चामड्याचे म्यान दिले. अणकुचीदार टोक ते म्यान फोडून बाहेर येई, म्हणून त्याला धातूच्या पट्ट्या जोडाव्या लागल्या, आणि त्याच वर्षात ते रद्द करून कडक, दमटपणाला दाद न देणारे एम-८ म्यान आणावे लागले. विमानातून छत्रीने उडी घेणाऱ्या माणसाच्या मांडीला म्यानातून आलेले टोक काय करील हे सांगायला नको. नौदलानेही आपल्या मार्क-२ चाकूसाठी करड्या प्लॅस्टिकची म्याने घेतली. चामडे ओल धरते, त्यात कमावताना वापरलेले क्षार असतात आणि पाते त्यातच गंजते; कोकणातल्या आषाढात हे दोन आठवड्यांत दिसून येईल. म्यानाची पकडही तपासावी: चाकूसकट ते उलटे धरून जोराने झटकावे. चाकू खाली पडला किंवा आत खुळखुळला तर पुढची तपासणी करण्यात अर्थ नाही. एका हाताने, न बघता, काढता आणि परत घालता येतो का तेही पाहावे. परत घालताना बोटे कापून घेणारे लोक काढताना कापून घेणाऱ्यांपेक्षा जास्त असावेत, असा माझा तरी समज आहे.

दुसरी जागा मुठीच्या आतली, म्हणजे टँग. पात्याचे पोलाद मुठीत किती आणि कसे शिरते यावर चाकूचा जीव अवलंबून असतो. १९८२ च्या ‘फर्स्ट ब्लड’ या चित्रपटानंतर पोकळ मुठीच्या चाकूंचे पीक आले. मुठीत काड्यापेटी आणि गळ ठेवायचे, झाकणात होकायंत्र. चित्रपटातला चाकू जिमी लाइल या जाणत्या कारागिराने बनवला होता. त्याच्या स्वस्त नकलांमध्ये पाते मुठीला जेमतेम चिकटवलेले असे आणि लाकडावर दोन घाव घातले की दोन्ही वेगळे होत. त्यातून उलटा धडा घेतला गेला, की पोलाद मुठीच्या पूर्ण रुंदीचे असले तरच चाकू घ्यावा. इथे के-बार आड येतो. त्याचा टँग अरुंद, काठीसारखा आहे. तरी तो महायुद्धातून, कोरियातून आणि व्हिएतनाममधून गेला. पोलादावरचा ताण कोपऱ्यात साठतो. पाते जिथे मुठीत शिरते तिथे कोपरा काटकोनात, तीक्ष्ण कापलेला असेल तर रुंद टँगही तिथेच तडकेल. तोच कोपरा गोलाईने उतरवला असेल तर अरुंद टँगही चालतो. पूर्ण टँग हा सोपा विमा आहे, कारण त्यात कारागिराला चूक करायला जागा कमी उरते. पण त्याचे वजन मागे जाते आणि थंडीत उघडे पोलाद हाताला चटके देते.

पोलादाबद्दल सर्वांत जास्त बोलले जाते आणि त्यातले बरेचसे वायफळ असते. के-बारचे पाते १०९५ जातीच्या पोलादाचे, म्हणजे सुमारे एक टक्का कार्बन आणि क्रोमियम-व्हॅनेडियमची चिमूट. रॉकवेल मापाने त्याचा कडकपणा ५६ ते ५८. आजची महागडी पोलादे ६२ च्या पुढे जातात आणि जाहिरातीत तोच आकडा ठळक छापतात. कडकपणा वाढला की धार टिकते खरी, पण त्याच पोलादाचा चिवटपणा कमी होतो: पाते वाकायच्या ऐवजी तुकडा पडतो. धार बसली तर नदीकाठच्या दगडावरही परत लावता येते. तुकडा पडला तर काही करता येत नाही. त्यामुळे पोलादाच्या नावापेक्षा त्याला पाणी कसे दिले आहे हे महत्त्वाचे, आणि ते डब्यावर छापलेले नसते. धार टिकण्याची प्रयोगशाळेतली एक मान्य चाचणी आहे, आयएसओ ८४४२-५. तिच्यात वाळूचे कण मिसळलेल्या पुठ्ठ्यावर पाते ठरावीक दाबाने पुढेमागे चालवतात आणि किती पुठ्ठा कापला गेला ते मोजतात. चाचणी चोख आहे, पण ती स्वयंपाकघरातल्या सुरीचा प्रश्न सोडवते. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीची परीक्षा मला जास्त पटते. तिथे उमेदवाराने स्वतः घडवलेल्या एकाच पात्याने आधी मोकळा लोंबकळणारा एक इंच जाडीचा दोर एका फटक्यात तोडायचा, मग बांधकामाच्या जाड लाकडी पट्टीचे दोनदा तुकडे करायचे, आणि त्यानंतर त्याच धारेने, मध्ये दगडाला न लावता, हातावरचे केस भादरून दाखवायचे. शेवटी पाते शेगड्यात धरून नव्वद अंशांत वाकवायचे. धारेला थोडी चीर गेली तर चालते, पाते तुटले तर नापास. या चाचण्यांचा क्रम फार विचाराने लावला आहे. जे पाते लाकूड तोडून झाल्यावरही केस काढते त्याचा कडकपणा सिद्ध झाला, आणि तेच वाकून तुटले नाही तर चिवटपणाही.

विकत घेतलेल्या चाकूला कोणी असे मारून पाहणार नाही. पण काथ्याचा जाड दोर बाजारात मिळतो आणि त्यात धार खाणारी बारीक माती भरपूर असते. तो कापत राहावे, चाकू घसरायला लागला की थांबावे, आणि मग साध्या दगडावर धार परत यायला किती वेळ लागतो ते बघावे. हा दुसरा आकडा कोणतीच जाहिरात देत नाही.

जाडीचा मोह तर विचारूच नका. सहा-सहा मिलिमीटरची पाती ‘फौजी मजबुती’ म्हणून विकली जातात. चार मिलिमीटरचे पाते सहाचे केले तर त्याचा ताठपणा जाडीच्या घनाने, म्हणजे सव्वातीन पटींहून जास्त वाढतो हे गणित बरोबर आहे. पण तेवढा ताठपणा पहारीला लागतो. तसले पाते बटाट्यात घातले तर तो कापला जाण्याआधी फुटतो, आणि ढलपी काढायला गेले तर लाकडात रुतते. वजन दीडपट, आणि ते कंबरेला दिवसभर. स्वीडनच्या हवाई दलाने १९९५ मध्ये वैमानिकांसाठी जो चाकू निवडला, फॉलक्निव्हेनचा एफ-१, त्याचे पाते दहा सेंटिमीटरही भरत नाही आणि जाडी साडेचार मिलिमीटर आहे. बर्फात एकट्या पडलेल्या माणसाला जगवायचे या एकाच हिशेबाने तो निवडला होता.

वैमानिकांवरूनच पाठीवरच्या करवतीचा उगम कळतो. अमेरिकी वैमानिकाच्या पाच इंची चाकूच्या पाठीला दाते दिले, कारण अपघातानंतर विमानाचा पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा कापून बाहेर पडता यावे. तेच दाते आता जंगलात लाकूड कापण्यासाठी म्हणून विकले जातात, आणि लाकडात ते दोन ओढींत अडकतात. वर त्या पाठीवर लाकडाचा दांडका मारून पाते ओंडक्यात उतरवावे म्हटले तर दांडक्याचाच भुगा होतो. पात्यावरच्या खोबणीला कोणी ‘रक्ताची पन्हळ’ म्हणत असेल तर ऐकून सोडून द्यावे. ती वजन कमी करण्यासाठी असते. काळा मुलामा गंज थोडा लांबवतो, पण धारेवर तो नसतोच. खोक्यावर नाटो साठा क्रमांक छापलेला असेल तर तो गोदामातला नोंद क्रमांक आहे. त्यावरून गुणवत्ता कळत नाही.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. सैनिकाचा चाकू शेवटी शस्त्र आहे, डबे उघडायला डबाफोडणी द्या आणि चाकू मारण्यासाठी राखा, असे काही माजी सैनिकही म्हणतात. याला माझे उत्तर खुकरी. गुरखा पलटणींच्या या शस्त्राचा दबदबा कोणत्याही कमांडो कट्यारीपेक्षा मोठा आहे, आणि ती नेपाळच्या डोंगरातल्या घरात लाकूड फोडते, बोकड कापते, कुंपणाच्या काठ्या तासते. पुढे वजन असलेले वाकडे पाते रोजच्या कामातून आले. शस्त्र म्हणून तिची ताकद त्याच कामातून आलेली आहे, कारण धरणाऱ्याचा हात लहानपणापासून तिच्यावर बसलेला असतो. दुसरा आक्षेप पैशांचा. स्वीडनचा मोरा चाकू, अडीच मिलिमीटरचे स्टेनलेस पाते आणि अपुऱ्या लांबीचा टँग, के-बारच्या किमतीच्या काही अंशात मिळतो आणि शिबिरातली नव्वद टक्के कामे करतो. मग जास्त पैसे कशाला? बहुतेकांनी घालवू नयेतच. उरलेली दहा टक्के कामे, उचकटणे, ठोकणे, ओंडका चिरणे, ज्यांच्या वाट्याला खरोखर येतात त्यांनी जाड पाठीच्या पात्याला पैसे मोजावेत.

सह्याद्रीत ती येतात का? कारवीच्या दाटीतून वाट काढायची असेल तर गावातला कोयता कोणत्याही टॅक्टिकल चाकूच्या वरचढ आहे. ग्वाडलकनालच्या जंगलात उतरलेल्या दुसऱ्या रेडर बटालियननेही कट्यारीवर भिस्त न ठेवता कॉलिन्स कंपनीची रुंद, जड, कोयत्याच्या जातीची पाती बाळगली होती. कोयता बरोबर असला की चाकूला चार इंच पुरतात. खारट हवेत कार्बन पोलाद वापरायचे तर रोज खोबरेल तेलाचा हात फिरवायची सवय हवी. ती नसेल तर स्टेनलेस घ्यावे आणि दगडावर थोडे जास्त घासायची तयारी ठेवावी. कायद्याचाही विचार हवा. शस्त्र नियमांनुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते, घरगुती, शेती, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी घडवलेले नसेल तर, शस्त्रांच्या यादीत येते. त्या मापात सात इंची के-बार बसत नाही, बहुतेक खुकऱ्या बसतात. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असेल तर चार इंची चाकूही कंबरेला लावून एसटी स्टँडवर उभे राहता येत नाही. एरवी तो सॅकच्या तळाशी, म्यानात, कपड्यांत गुंडाळून न्यावा आणि पायथ्याच्या गावात पोचल्यावरच बाहेर काढावा.