नव्या गाण्यांना दोष देण्यापूर्वी

जुने ते सोने आणि नवे ते बाजारू, हे माझ्या पिढीचे लाडके मत मला मान्य नाही. मार्विन गे यांचा १९७१ चा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ हा अल्बम मी आजही श्रेष्ठ मानतो. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकाच्या नजरेने तो दारिद्र्य, युद्ध व प्रदूषण यांकडे पाहतो. गाणी एकमेकांत मिसळतात व त्यांतून एकच कैफियत उभी राहते. त्याचे शीर्षकगीत बाजारात आणण्यास कंपनीचे प्रमुख प्रारंभी राजी नव्हते, हेही ध्यानात ठेवावे.

उलट मायकेल जॅक्सन यांचा १९८२ चा ‘थ्रिलर’ कारागिरीत अजोड असला, तरी मला तो सुट्या गाण्यांचा संच वाटतो. त्यातील नऊपैकी सात गाण्यांच्या स्वतंत्र तबकड्याही निघाल्या. म्हणजे सुटे विकण्याची रीत जुनीच आहे.

आणि नव्यांत टेलर स्विफ्ट यांचा २०२० चा ‘फोकलोर’ पाहा. एकच प्रेमकथा तीन गाण्यांत तीन व्यक्तींच्या तोंडून येते. ती सलग ऐकल्यावाचून उमगत नाही.

तेव्हा प्रश्न प्रतिभेच्या ऱ्हासाचा नाही, मोबदल्याच्या एककाचा आहे. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकले की एक वादन मोजले जाते. जेथे पहिल्या अर्ध्या मिनिटावर कमाई ठरते, तेथे सबंध रचनेचा विचार कलावंताला महाग पडतो. तरीही जे तो करतात, त्यांना आपण निदान एक तास सलग द्यावा. नव्या पिढीला नावे ठेवण्याचा अधिकार त्यानंतरचा.