कालव्याची पटरी मोटारीला देऊ नका

दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्रात सायकलीसाठी मार्ग बांधण्याच्या घोषणा काही कमी झालेल्या नाहीत. 2020 च्या जानेवारीत सुमारे 200 किलोमीटरच्या ‘दिल्ली सायकल वॉक’ची पायाभरणी झाली, ठरल्याप्रमाणे ते जाळे आजवर उभे राहिलेले नाही. त्याआधी, 2008 मध्ये, आंबेडकर नगर ते मूलचंद असा 5.8 किलोमीटरचा, बससाठी राखीव पट्ट्यांचा बीआरटी मार्ग सुरू झाला. त्याला लागून सलग सायकलपट्टी होती. मोटारवाल्यांचा रोष इतका वाढला की 2016 मध्ये तो सगळा मार्गच उखडून टाकण्यात आला. मोटारींच्या रस्त्यातून सायकलीसाठी जागा कापून घ्यायची तर किती किंमत मोजावी लागते, हे दिल्लीने अनुभवले आहे. म्हणूनच जे बव्हंशी वाहनमुक्त मार्ग इथे दीडशे वर्षांपासून आहेत आणि ज्यांच्यावर आजवर मोटारींचा पुरता हक्क बसलेला नाही, ते हातचे जाऊ न देणे हे आता सर्वांत तातडीचे काम आहे.

हे मार्ग म्हणजे कालव्यांच्या आणि नाल्यांच्या काठचे कच्चे सेवारस्ते. इथले लोक त्यांना पटरी म्हणतात. 1854 मध्ये खुला झालेला गंगेचा वरचा कालवा मुरादनगरजवळून जातो. 1874 चा आग्रा कालवा ओखल्याहून निघून फरिदाबाद, पलवल करत मथुरेकडे उतरतो. पश्चिम यमुना कालव्याचा इतिहास तर फिरोजशहा तुघलकापर्यंत मागे जातो. ढांसा ते वजिराबाद असा दिल्लीतून सुमारे 57 किलोमीटर वाहणारा नजफगढ नाला ही मुळात साहिबी नदी. या प्रत्येकाच्या काठाने पाटबंधारे खात्याने भराव घालून वाट राखली, कारण बेलदाराला पाण्याची पातळी बघत, भगदाडे शोधत रोज चालावे लागे. कालवा उतार धरून जातो, त्यामुळे या वाटेला चढ असा नसतोच. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला शिसव, जांभूळ, निलगिरी आणि त्यांच्या पायथ्याशी सरकंड्याचे उंच गवत. मध्ये चाकोऱ्यांची दाबलेली माती, कुठे विटांचा चुरा, कुठे उपसलेल्या गाळाचा वाळलेला ढीग. शहरी सायकलीचे बारीक टायर इथे रुततात. चाळीसेक मिलिमीटर रुंद टायरची, हल्ली ग्रॅव्हल बाइक म्हणून विकली जाणारी सायकल सहज निघते. दूधवाल्याची जुनी काळी सायकल तर तिच्याही आधीपासून निघतेच आहे.

या सपाट मुलुखातून उद्योग हलले, तेव्हा त्यांची जागा आणि माणसेही विखुरली. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतले 168 घातक उद्योग बंद करून हलवण्याचा आदेश दिला. पुढे निवासी वस्त्यांतले कारखाने हलवण्यासाठी बवाना औद्योगिक वसाहत उभी राहिली, ती दिल्लीला पाणी आणणाऱ्या मुनक कालव्याच्या शेजारी. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये बदरपूरचे औष्णिक केंद्र कायमचे बंद झाले. आग्रा कालव्याच्या जवळच्या, सुमारे 880 एकरांच्या राखेच्या तलावावर उद्यान करण्याचे काम एनटीपीसीने हाती घेतले. म्हणजे पाण्याच्या काठाची वाट आणि तिच्या टोकाशी जुने किंवा नवे औद्योगिक ठिकाण, असे जोड इथे आयते तयार आहेत. जर्मनीच्या रुर प्रदेशात याच तऱ्हेच्या जोडांतून सायकलमार्ग घडले. तिथली एम्शर नदी शंभर वर्षे उघडे गटार होती आणि तिच्या काठच्या देखभालीच्या रस्त्यांवर लोकांना मज्जाव होता. सांडपाणी भूमिगत नळात घेण्याचे काम 1990 च्या दशकात सुरू झाले, 2021 च्या अखेरीस नदी सांडपाण्यातून मुक्त झाली. आणि ते बंद रस्ते टप्प्याटप्प्याने सायकलस्वारांना मोकळे झाले. नजफगढ नाल्याचे दुखणेही नेमके हेच, उघड्या सांडपाण्याचे आहे.

आपल्याकडे मात्र काठ दिसला की मोटाररस्ता सुचतो. मुनक कालव्यावर इंद्रलोक ते बवाना उन्नत रस्त्याचा प्रस्ताव आहे, नजफगढ नाल्याच्या काठाने दुपदरी रस्त्याच्या योजना आहेत. मुरादनगरपासून मुजफ्फरनगर जिल्ह्यातल्या पुरकाझीपर्यंत गंगा कालव्याच्या काठाने 111 किलोमीटरचा कांवड मार्ग आखला गेला आणि त्यासाठी एक लाखाहून अधिक झाडे तोडण्याची परवानगी मिळाली. 2024 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्याची स्वतःहून दखल घेतली. या मार्गामागचे कारण यात्रेकरूंची सोय असे सांगितले जाते, आणि ते कारण मी हलके मानत नाही. पण कांवडिये श्रावणात, पुष्कळदा अनवाणी, गंगाजल खांद्यावर घेऊन चालतात. त्यांच्या पायाला सावली आणि माती हवी. झाडे पाडून केलेले तापलेले डांबर यात्रेच्या पंधरवड्यात त्यांना भाजेल आणि उरलेले साडेअकरा महिने मालमोटारींच्या कामी येईल.

वाहतुकीची कोंडी फोडायची तर रस्ते लागणारच, हा युक्तिवाद राजधानीत सर्वांत जोरात केला जातो. पण दिल्लीत रस्त्यांची लांबी आधीच देशातल्या बहुतेक शहरांहून जास्त आहे आणि कोंडी तरीही तिथेच आहे. शिवाय दिल्लीत अपघातात दगावणाऱ्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक लोक पायी चालणारे असतात. त्यांना आणि सायकलवाल्यांना भरधाव वाहनांपासून दूर नेणारी वाट मोडून आणखी वाहने आणण्यात कोणते शहाणपण आहे?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हा महागड्या सायकलींच्या हौशी लोकांचा लाड नाही का? मुंबईचे उदाहरण इथे डोळ्यांआड करता येत नाही. तानसा जलवाहिनीच्या कडेने मुलुंडहून शीवच्या दिशेने 39 किलोमीटरचा सायकलमार्ग आखला गेला, आणि त्याच जलवाहिनीलगतच्या वस्त्या हटवून हजारो कुटुंबे माहुलला, रिफायनऱ्यांच्या धुरात, पाठवली गेली. जलवाहिनीच्या सुरक्षेसाठी वस्ती हलवण्याचा न्यायालयाचा आदेश होता हे खरे. पण माणसांच्या घराच्या जागी सहलीचा रस्ता दिसावा, हे चित्र कोणालाही टोचणारेच आहे. म्हणून पटरी राखायची तर कोणाचे घर पाडायचे नाही, रुंदी वाढवायची नाही, सुशोभीकरणाच्या नावाखाली कुंपणही घालायचे नाही. बवान्याच्या कारखान्यात पाळीवर जाणारा कामगार, भाजी घेऊन निघालेला खादरातला, म्हणजे नदीकाठच्या पूरमैदानातला, शेतकरी, शाळकरी मुली आणि रविवारी येणारा हौशी स्वार यांची वाट एकच असावी. हौशी लोकांमुळे त्या वाटेला आवाज मिळाला तर तो इतरांच्याही उपयोगी पडेल.

हवेबद्दल मात्र मला गोड बोलता येणार नाही. नोव्हेंबर ते जानेवारीत दिल्लीत दमून श्वास घेणे आरोग्याला घातक आहे आणि पटरीवरही ती हवा बदलत नाही. उरलेल्या महिन्यांत धुराड्यांपासूनचे अंतर नक्कीच कामी येते. काँक्रीटचे अस्तर असलेल्या कालव्यात पडलेल्या माणसाला हाताला काही धरायला मिळत नाही, म्हणून अशा टप्प्यांवर कठडा आणि ठरावीक अंतरावर लोखंडी शिड्या लागतील. निर्जनता हा स्त्रियांचा खरा अडसर आहे. वाट रोजच्या वापरात आली की तो पुष्कळसा कमी होतो, पण संध्याकाळची गस्त लागेलच. माती पक्की करण्याचा मोहही टाळायला हवा: 13 जुलै 2023 ला यमुना 208.66 मीटरपर्यंत चढली, तेव्हा पूरमैदानातली पाणी जिरवणारी प्रत्येक मोकळी जागा किती मोलाची हे दिसले.

कायद्यासाठी वाट पाहण्याचे कारण नाही. उत्तर प्रदेशात लागू असलेल्या 1873 च्या उत्तर भारत कालवे कायद्याच्या कलम 70 नुसार काठावर नियमाविरुद्ध, मना करूनही वाहन नेणे हा गुन्हाच आहे. पाटबंधारे खात्याने त्याखालच्या नियमात सायकलीला आणि पायी चालणाऱ्याला स्पष्ट मुभा द्यावी, फाटकाशी मोटार अडेल पण हँडल निघेल इतक्या अंतरावर खांब रोवावेत. ओखल्यापासून फरिदाबादपर्यंतचा आग्रा कालवा यासाठी पहिला टप्पा व्हावा, कारण दिल्ली-हरियाणातून वाहूनही त्याचा ताबा उत्तर प्रदेशच्याच पाटबंधारे खात्याकडे आहे आणि एका खात्याच्या सहीने काम सुरू होऊ शकते.