माशांच्या खाद्यात अळी : शेततळेवाल्या सभासदांसाठी



कीड म्हटली की आपल्याला हुमणी आणि खोडकिडा आठवतो. पण किडा मुद्दाम पोसायचा, वाळवायचा, दळायचा आणि माशांना घालायचा, हा धंदा आता जगात उभा राहिला आहे. युरोपीय संघाने २०१७ साली मत्स्यखाद्यात किड्यांच्या पिठाला परवानगी दिली. तिकडे समुद्रातली मासळी दळून पाळीव माशांना घालतात, ती वाचावी हा हेतू.

आपला हिशेब वेगळा. उसासाठी शेततळे खोदले, त्यात रोहू, कटला, मृगळ सोडले, असे आपल्यात बरेच जण आहेत. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात नैसर्गिक खाद्य कमीच तयार होते. मग कोंडा, पेंड विकत घ्या! मत्स्यपालनातला निम्म्याहून अधिक खर्च खाद्यावरच जातो. म्हणून ‘पाचक एन्झाइम’ छापलेली पिशवी दारात आली की मोह होणारच. माझे स्पष्ट मत असे की अळीला हरकत नाही, पण ही पिशवी विचारपूस केल्याशिवाय घेऊ नये.

कारण सांगतो. कोंड्यात आणि पेंडीत स्फुरद असते, पण बरेचसे ‘फायटेट’च्या रूपात अडकलेले. माशाला ते पचत नाही. विष्ठेतून पाण्यात जाते, तळे हिरवे पडते आणि पहाटे मासे वर येऊन तोंड वासतात. फायटेज नावाचे एन्झाइम हे अडकलेले स्फुरद मोकळे करते, हे खरेच आहे. परंतु बाजारातली बरीच फायटेज कोंबड्या-डुकरांसाठी केलेली. ती जठरातल्या आम्लात चांगली चालतात. आणि आपल्या रोहू-कटल्याला जठरच नाही! घास थेट आतड्यात, तिथे आम्ल कुठले? पंगस, तिलापियाला जठर असते, त्यांची गोष्ट निराळी. तेव्हा विक्रेत्याला विचारा, हे कोणत्या माशासाठी? आणि गोळी-खाद्य करताना एन्झाइम आधी घातले की नंतर? जास्त उष्णता लागली की ते मरते, पैसे मात्र मोजलेले असतात.

आता अळी. काळ्या सैनिक माशीची अळी सडका भाजीपाला खाऊन दोन-तीन आठवड्यांत तयार होते. वाळवल्यावर साधारण चाळीस टक्के प्रथिने. ही माशी घरमाशीसारखी अन्नावर घोंगावत नाही. कळमना बाजारात टाकाऊ भाजीपाल्याला काय तोटा? उरलेले खत उसाला चालते. मात्र चांगले धान्य घालून पोसलेली अळी पेंडीपेक्षा स्वस्त कशी पडणार? शिवाय तिच्यात चरबी फार. ती काढली नाही तर खाद्य लवकर खवट होते. आणि हे सगळे परदेशी म्हणून बिचकायला नको. रेशीम काढल्यावर कोषात उरणारा किडा आपल्या देशात माशांना घालत आलेच आहेत, आणि भंडारा-गडचिरोलीकडे टसर आहे.

मी राहतो त्या धरमपेठेपासून फुटाळा तलाव जवळच. पुढे तेलंगखेडीला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे. कारखान्याने सभासदांसाठी खाद्याची एकत्र खरेदी करण्यापूर्वी तिथल्या जाणकारांना नमुना दाखवावा. मग सारख्या मापाच्या दोन शेततळ्यांत सारखीच बोटुकली सोडून एकात नेहमीची पेंड आणि दुसऱ्यात नवे खाद्य घालावे, दर महिन्याला जाळे टाकून वजन घ्यावे आणि ते आकडे खर्चासह याच अंकात छापावेत.