विसाव्याचे भाडे कोणी भरायचे?

अमेरिकेत लेकीकडे जाऊन आलेला मराठी माणूस महिनाभर तरी नायगाऱ्याबद्दल आणि गुळगुळीत रस्त्यांबद्दल बोलतो. मीही बोललो. पण त्या प्रवासातली जी संध्याकाळ अजून मनातून जात नाही ती एका ट्रकतळावरची आहे.

२०२३ चा सप्टेंबर होता. आम्ही शिकागोहून आयोवा राज्यातल्या डे मॉईनला निघालो होतो. रस्ता इंटरस्टेट ८०. याच रस्त्यावर वॉलकॉट येथे १९६४ पासून चालत आलेला, जगातला सर्वांत मोठा म्हणून मिरवणारा ट्रकतळ आहे. तिथे ९०० ट्रक मावतात. आम्ही थांबलो तो मात्र अलीकडचा, बेताच्या आकाराचा तळ. साडेसात वाजले होते. जावई पेट्रोल भरत होते, मी पाय मोकळे करत मागच्या पटांगणाकडे गेलो. तिथे त्रेपन्न फुटी ट्रेलर शिस्तीत उभे होते, एकही जागा रिकामी नव्हती. पण इमारतीच्या अगदी जवळची एक अख्खी रांग मोकळी होती आणि एक ट्रक मात्र जागेसाठी पटांगणाला दुसरी फेरी घालत होता.

हिच्या कपाळावरची टिकली पाहून त्या ट्रकच्या चालकाने काच खाली केली. जालंधरकडचा, चाळिशीचा सरदारजी. मी रिकाम्या रांगेकडे बोट दाखवले. तो हसला. "अंकलजी, वो रिझर्व्ड है। बीस डॉलर एक रात का।" मग डॅशबोर्डवरच्या यंत्राकडे पाहून म्हणाला, "और मेरे पास चालीस मिनट बचे हैं।"

ही चाळीस मिनिटे काय ते समजून घेतले पाहिजे. अमेरिकेतला मालट्रक चालक सलग दहा तास विश्रांती घेतल्यावर पुढच्या चौदा तासांच्या आत जास्तीत जास्त अकरा तास गाडी चालवू शकतो. पूर्वी याची नोंद तो हाताने वहीत करी आणि वही थोडी लवचीक असे. डिसेंबर २०१७ पासून बहुतेक ट्रकांना इंजिनाशी जोडलेले यंत्र सक्तीचे झाले. वेळ संपली की थांबायचे. नियम चांगलाच आहे. पेंगुळलेल्या माणसाच्या हातात चाळीस टनांचे धूड कोणालाच नको. पण थांबायचे कुठे, हे काही ते यंत्र सांगत नाही.

सरकारी पाहणीनुसार (२०१९) साऱ्या अमेरिकेत ट्रक उभे करण्याच्या सुमारे ३ लाख १३ हजार जागा होत्या. त्यांतल्या सुमारे ४० हजार सरकारी विश्रांतिस्थानांवर, बाकीच्या खाजगी ट्रकतळांवर. रस्त्यावरचे ट्रक मात्र कित्येक लाख. संध्याकाळ झाली की तळ भरतात. तिथल्या ट्रक वाहतूक संशोधन संस्थेने २०१६ साली हिशेब मांडला, की जागा मिळणार नाही या धास्तीने चालक हाताशी वेळ असतानाच थांबतो आणि दिवसाला सरासरी ५६ मिनिटे गमावतो. त्याला पगार बहुधा मैलावर मिळतो. म्हणजे ही मिनिटे त्याच्याच खिशातून जातात.

पस्तीस वर्षे बँकेत काढल्यामुळे मला तळाच्या मालकाची बाजूही दिसते. जमीन, त्यावरचा जाड थर, दिवे, शौचालये, पहारा यांना पैसा लागतो आणि दहा तास उभा राहिलेला ट्रेलर आपण होऊन काही देत नाही. पूर्वी जागा फुकट मिळे, कारण ट्रकच्या टाकीत दोनशे गॅलन डिझेल सहज मावते आणि चालक जेवायलाही तिथेच बसे. आपल्या ढाब्यांचा व्यवहार हाच. जेवण घ्या, बाज फुकट. बाजेचे भाडे डाळीत धरलेले असते, इतकेच. आज ते वेगळे मागितले, तर त्याला लूट म्हणता येणार नाही. शिवाय आगाऊ जागा राखून ठेवलेला चालक निर्धास्तपणे अकरा तास चालवू शकतो. वीस डॉलर भरून तासाभराचे मैल वाचले, तर हिशेब कधीकधी त्याच्या फायद्याचाही ठरतो.

पण दुसरी बाजू सरदारजीने दोन वाक्यांत सांगितली. सकाळी गोदामात माल उतरवायला तीन तास लागणार की सात, हे त्याच्या हातात नसते. मग संध्याकाळी आपण कुठे असू हे ठाऊक नसताना जागा राखायची कोणत्या गावी? आणि फुकटच्या रांगेवर 'राखीव' अशी पाटी लावल्याने पटांगण एका फुटानेही वाढत नाही.

"कंपनी पैसे परत देत नाही?" मी विचारले.

"कंपनी म्हणते, फुकट जागा होती ना? मग पैसे का भरले?"

महिन्याला वीस रात्री धरल्या, तर हे चारशे डॉलर होतात. फुकटची जागा चालकाच्या सोयीसाठी आहे असे आपण समजतो. ती कंपनीचीही सोय आहे, हे माझ्या तेव्हा ध्यानात आले. ती कागदावर आहे तोवर कंपनीला विसाव्याचा खर्च नाकारता येतो, मग ती साडेसात वाजता भरून गेलेली का असेना.

जागा न मिळण्याची किंमत कुठवर जाते, हे त्या देशाने पाहिले आहे. मार्च २००९ मध्ये जेसन रिव्हनबर्ग हा पस्तीस वर्षांचा चालक दक्षिण कॅरोलिनात माल घेऊन वेळेआधी पोहोचला. माल उतरवायला अवकाश होता. तो एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर ट्रक लावून थांबला. तिथे लुटारूने त्याला गोळी घातली. लुटारूच्या हाती लागले सात डॉलर. त्याची पत्नी होप तेव्हा गरोदर होती, पुढे तिला जुळे झाले. तिने चिकाटीने पाठपुरावा केला आणि २०१२ च्या महामार्ग कायद्यात 'जेसन्स लॉ' या नावाने ओळखली जाणारी तरतूद आली. तिच्यामुळे ट्रकतळांसाठी केंद्रीय निधी वापरता येऊ लागला आणि किती जागा आहेत याची मोजदाद सुरू झाली.

ही हकीकत मुलीने मला त्या रात्री गाडीत सांगितली. मी गप्प झालो, कारण मला माझी एक फाईल आठवली.

१९९४ साली पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या एका गावी मी शाखाधिकारी होतो. एक ट्रक असलेला गृहस्थ दुसऱ्या ट्रकसाठी कर्ज मागायला आला. त्याने खर्चाचा अंदाज स्वतःच्या अक्षरात लिहून आणला होता. डिझेल, टायर, जकात, विमा आणि शेवटी, 'ड्रायव्हर मुक्काम, रोज रुपये ३०'. मी विचारले, हे काय? तो म्हणाला, "साहेब, कुंपण आणि राखणदार असलेल्या जागेत गाडी लावायला पैसे पडतात. तिथं माणूस नीट झोपतो." तो आकडा धरला की हप्ता नीट बसत नव्हता. मी लाल शाईने ओळ खोडली. "ड्रायव्हर गाडीतच झोपतात की," असेही म्हणालो. तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं."

दोन वर्षांनी तो ट्रक रात्री रस्त्याच्या कडेला उभा होता. मागे रिवाजाप्रमाणे दगड आणि झाडाची फांदी ठेवलेली होती. मागून दुसरा ट्रक आदळला, पुढे झाड होते. केबिनमध्ये झोपलेल्या ड्रायव्हरचा पाय गेला. विम्याच्या कागदांसाठी फाईल काढली तेव्हा माझी लाल रेघ समोर आली. तीस रुपयांनी तो पाय वाचलाच असता असे मी म्हणत नाही. पण ती ओळ मालकाने लिहिली होती आणि खोडली मी.

म्हणून 'जागा फुकट असावी की विकत' हा प्रश्न मला अपुरा वाटतो. टोल ड्रायव्हरने पगारातून भरावा असे कोणी म्हणत नाही. तो मालाच्या भाड्यात धरलेला असतो. मग रस्त्याचे भाडे मालाने भरायचे आणि विसाव्याचे माणसाने, हा कुठला न्याय? जागा राखीव असू द्या, तिला दरही असू द्या, पण तो दर भाड्याच्या बिलात दिसला पाहिजे. आणि ज्याची वेळ वाटेतच संपली त्याच्यासाठी सरकारी हद्दीत पुरेशी मोफत जागा हवी. कारण थांबण्याची सक्ती सरकारनेच केली आहे. आपल्याकडेही १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. ती किती पाळली गेली, हे रात्री महामार्गाने जाणाऱ्या कोणालाही दगड आणि फांद्या सांगत आल्या आहेत.

सरदारजीने अखेर वीस डॉलर भरले. पावती नीट घडी करून त्याने डोक्यावरच्या झडपेत खोचली. तिथे अशा बऱ्याच पावत्या होत्या.

"पैसे परत मिळत नाहीत, तर या जपून कशाला ठेवता?" मी विचारले.

"रहने दो, अंकलजी," तो म्हणाला. "कभी तो कोई पूछेगा।"