ओढ्याकाठचे तीस मीटर

मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. तानसा तर 1892 पासूनचे. तरीही उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते.

म्हणूनच शहापूर-मुरबाडमधल्या ओढ्याकाठच्या रानाला कुऱ्हाड लागता कामा नये. उंबर, करंज, जांभूळ यांची मुळे काठ धरून ठेवतात. पालापाचोळा धरणाकडे निघालेला गाळ अडवतो.

कायदाही याच बाजूचा आहे. पाण्याच्या काठापासून 30 मीटरच्या आतील तोडीवर महसुली नियमांचे निर्बंध आहेत. साग, ऐन, खैर तर 1964च्या वृक्षतोड कायद्यानुसार मालकीच्या जमिनीतही परवानगीविना तोडता येत नाहीत.

पण भार कोणावर पडतो? दोन एकरांच्या चौकोनी शेताच्या मधून ओढा गेला, तर दोन्ही काठ मिळून सुमारे दोन-तृतीयांश जमीन या पट्ट्यात जाते. घरातल्या आजारपणाला, लग्नाला साग विकणाऱ्या आदिवासी कुटुंबाला हे परवडणारे नाही.

काठावरचे झाड राखणाऱ्याला त्याचे मोल पाणी पिणाऱ्या शहराने दरवर्षी द्यावे. आणि पट्ट्याबाहेरच्या सागाची परवानगी वन व महसूल खात्याने ठरावीक मुदतीत द्यावी, म्हणजे अडलेल्या शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या पडेल भावाला मान तुकवावी लागणार नाही.