मुक्कामी गाडीच्या चालकाला कोण तपासणार?

नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरला बसस्थानक आहे, एसटीचे आगार नाही. गाड्या हदगाव, भोकर, किनवटच्या आगारांतून येतात आणि शेवटची गाडी एखाद्या खेड्यात मुक्कामाला थांबते. चालक-वाहक देवळात, शाळेच्या ओसरीवर नाहीतर गाडीतच आडवे होतात आणि पहाटे गाडी काढतात. मद्यतपासणीची व्यवस्था मात्र सगळी आगारात. ब्रेथ अ‍ॅनालायझर तिथे, वाहतूक नियंत्रक तिथे, नोंदवही तिथे. मुक्कामी गाडी आगारात पोचते तेव्हा शाळकरी पोरे आणि दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसे तिच्यातून उतरलेली असतात.

रात्रीची दारू सकाळी उतरते, हा समज या पट्ट्यात फार पक्का आहे. रक्तातला मद्यांश तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने घटतो. रात्री अकराला दर १०० मिलिलिटर रक्तात १५० मिलिग्रॅम असलेला माणूस सहा तास गाढ झोपला, तरी पहाटे पाचला तो साठाच्या आसपास असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मधली मर्यादा आहे ३०. लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ, कडक चहा यांनी डोळे उघडतात, आकडा तसाच राहतो.

१ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस पेटून २५ माणसे गेली. चालकाच्या रक्तात मद्यांश होता, असे न्यायवैद्यक अहवालात पुढे आले. मुदखेड-आदिलाबाद मार्गावर हिमायतनगरहून जाणाऱ्या रेल्वेचा लोको पायलट ड्युटीवर चढताना नळी फुंकतो. एसटीचा चालक आगारात असला तर फुंकतो. पुण्या-मुंबईच्या ट्रॅव्हल्सचा चालक बहुधा पोलिसांनी अडवले तरच. गाव एक, प्रवासी तेच, आणि जिवाची किंमत तिकिटागणिक वेगळी!

तरीही यंत्र दिले की काम झाले, असे आम्ही म्हणणार नाही. जुलै २०२५ मध्ये केरळ एसटीच्या पंदळम आगारात पिकलेला फणस खाल्लेले चालक यंत्रावर ‘प्यालेले’ निघाले होते. खोकल्याच्या औषधानेही तोंडात मद्यांश राहतो. म्हणून पहिल्या फुंकीवर मेमो लिहू नये. चूळ भरायला लावावी, पंधरा मिनिटे थांबावे, पुन्हा तपासावे, वाद राहिला तर लगेच रक्ताचा नमुना घ्यावा. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की नुसता वास आणि लडखडती चाल यावरून माणूस प्यायला होता असे ठरत नाही. साहेबांना वास आला म्हणून निलंबन, हा प्रकार त्यामुळे बंदच व्हायला हवा. आणि तपासणी आगार व्यवस्थापकापासून कार्यशाळेतल्या मेकॅनिकपर्यंत सगळ्यांची हवी. ब्रेक जोडणारा हातही स्थिर असावा लागतो.

सीमेपलीकडच्या तेलंगणात शिंदीत अल्प्राझोलम, डायझेपाम, क्लोरल हायड्रेट मिसळल्याची प्रकरणे वारंवार पकडली गेली आहेत. फुंकीच्या यंत्राला ही औषधे दिसत नाहीत. विमान वाहतूक महासंचालनालयाने ३१ जानेवारी २०२२ पासून वैमानिकांची अमली पदार्थांसाठी वेगळी तपासणी सुरू केली, दरवर्षी किमान दहा टक्क्यांची, नावे न ठरवता. सीमेवरच्या आगारांना तेवढे तरी लावता येईल. दारूबाबत वैमानिकांची शिक्षाही आधीच ठरलेली आहे: पहिल्यांदा तीन महिने परवाना निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षे, तिसऱ्यांदा रद्द. एसटीत मात्र शिक्षा साहेबाच्या मर्जीवर असते, असे कर्मचाऱ्यांना वाटते. पकडले जाण्याआधी जो स्वतःहून ‘मला सुटत नाही’ म्हणेल, त्याला रजा आणि उपचार मिळावेत. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून अशा उपचाराचे काम करते आहे. नोकरी शिल्लक आहे हे माहीत असलेला माणूस उपचारालाही टिकतो.

मुक्कामी गाडीचा उपाय अवघड नाही. हाती धरायचे यंत्र काही हजारांत मिळते. पण ते वाहकाच्या हाती सोपवून दोघांत भांडण लावू नये. चालकाने स्वतः फुंकावे, आकडा आणि छायाचित्र थेट आगारात जावे, आणि तिथून होकार आल्यावरच गाडी हलावी. रेंज नसलेल्या गावातला मुक्काम रेंज असलेल्या गावी हलवावा. एसटीच्या नांदेड विभागाने जूनमध्ये शाळा उघडण्याआधी एवढे करावे. ट्रॅव्हल्सवाल्यांना हाच नियम लावण्याचे काम परिवहन कार्यालयाचे आहे, आणि त्यासाठी दुसऱ्या सिंदखेडराजाची वाट पाहू नये.